जालन्यात बोलायचं कसं? नवख्यांसाठी प्राथमिक पाठ

बदली होऊन आलेले बँकेचे साहेब, स्टीलच्या कारखान्यात नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर, नव्यानं जावई झालेले पुण्याचे तरुण आणि पहिलीच नेमणूक खेड्यावर मिळालेले मास्तर यांच्यासाठी हे पाठ लिहिले आहेत. या मंडळींची जालन्यात पहिल्या महिन्यात जी फजिती होते तिचं कारण भाषा नाही. मराठी त्यांनाही येते. अडचण अशी, की त्यांना कुणी काही विचारलं की ते उत्तर देतात.

"कुठं निघाले?" हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. त्यावर "तहसीलला, सातबाऱ्यावर नाव चुकलंय ते दुरुस्त करायला" असं सांगणारा माणूस बाहेरचा, हे पानटपरीवरच्या पोरालाही कळतं. बरोबर उत्तर: "हे काय, इथंच." हे 'इथंच' अंबड चौफुलीपासून अमेरिकेपर्यंत कुठंही असू शकतं. समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि दोघंही समाधानानं आपल्या वाटेला लागतात. कुणाला काही कळलं नाही, पण बोलणं झालं. बोलणं व्हावं एवढीच अपेक्षा होती.

या विषयावर आपल्या जिल्ह्याचा अधिकार जुना आहे. समर्थ रामदास घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, जन्म 1608 चा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. स्वतःची स्तुती करणारा, वाडवडिलांची थोरवी सांगणारा, सासुरवाडीत मुक्काम ठोकणारा, कारण नसताना हसणारा, दोघं बोलत असले की मध्ये जाऊन बसणारा तिसरा, हे सगळे समर्थांनी मूर्खांत धरले. ती यादी घेऊन संध्याकाळी गांधी चमनला उभं राहिलं, तर बरोबरच्या खुणा करता करता पेनातली शाई संपेल. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांचा स्वतंत्र समास आहे. तो प्राध्यापक मंडळींनी आपापला वाचून घ्यावा.

इंग्रजीत हा उद्योग जोनाथन स्विफ्टनं केला. डब्लिनच्या मोठ्या चर्चचा हा प्रमुख धर्मगुरू. लंडनच्या बड्या घरांत चहाच्या आणि जेवणाच्या टेबलावर लोक जी ठरावीक वाक्यं एकमेकांवर फेकतात ती त्यानं गोळा केली आणि सायमन वॅगस्टाफ हे खोटं नाव घेऊन 1738 साली संभाषणाचं पाठ्यपुस्तकच छापलं. तीन संवाद, शेकडो तयार वाक्यं, आणि नवीन बोलतोय असा माणूस एकही नाही. इकडं संत, तिकडं पाद्री. माणसांच्या बोलण्याचा त्रास देवाच्या माणसांना जास्त होत असावा, कारण त्यांना ते ऐकून घेणं भाग असतं.

आपले पाठ मात्र त्यांच्या उलट दिशेचे आहेत. मूर्ख कसं ठरू नये हे ते शिकवून गेले. वेगळं कसं पडू नये, एवढंच इथं सांगायचं आहे. दोघं बोलत असताना जालन्यात तिसऱ्यानं जाऊन बसलंच पाहिजे. नाही बसला तर "साहेबाला लई हाये" म्हणतात.

ओळख

पहिला खरा सामना "पाहुणे कुठले?" या प्रश्नाशी होतो. नवखा सांगतो, "मी अमुक कंपनीत सीनियर मॅनेजर आहे." काय करता हे कुणी विचारलेलंच नसतं. विचारलेलं असतं गाव. "पुण्याचा" हेही उत्तर धरलं जात नाही. लगेच पुढचा चेंडू येतो, "ते ठीक हाये, पण मूळ कुठले?" पुण्याला मूळचं कुणी नसतं अशी इथली ठाम समजूत आहे आणि ती फार चुकीची नाही.

म्हणून तालुका सांगायचा, मग गाव, मग आडनाव, मग कुणाच्या घरचे, आणि तरीही नातं लागलं नाही तर आजोळ काढायचं. आजोळी सहसा लागतंच. "म्हणजे तुम्ही आमच्या टेंभुर्णीच्या मामांच्या साडूचे!" एवढं झालं की खुर्ची सरकवली जाते आणि आतून पाण्याचा तांब्या येतो. ज्याचं कुणाशीच काही लागत नाही अशा माणसाशी काय बोलायचं हे इथं कुणालाच ठाऊक नाही, कारण तसा माणूस अजून सापडलेला नाही.

थोडा भूगोल पाठ असलेला बरा. जिल्हा तसा तरुण, 1 मे 1981 चा. बाकीचा भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आला आणि परतूर परभणीतून. त्यामुळं परतूरकडच्या म्हाताऱ्यांसमोर परभणीला नावं ठेवू नयेत. त्यांची निम्मी सोयरीक तिकडं आहे. भोकरदन-जाफराबादकडं बोलण्याला वऱ्हाडचा वास लागतो, तिथं बुलढाण्याशी जमवून घ्यावं. शहरात "जुना जालना का नवा?" असं विचारतील. मधून कुंडलिका जाते. नवा म्हणजे नवा असं समजून "फ्लॅट केवढ्याला मिळतो हो तिकडं?" असं विचारू नये. त्या नव्यातले वाडेसुद्धा पणजोबांच्या वयाचे आहेत.

बसल्यावर थोड्या वेळानं घरातले वडीलधारे "जालना सोने का पालना" ही म्हण ऐकवतील. ती पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकायची. नंतर ते सुस्कारा सोडतात. त्या सुस्काऱ्याच्या शेवटाला आपण "होतंच की" असं म्हणायचं. 'आहे' म्हटलं तर खुशामत वाटते आणि 'होतं' एवढंच म्हटलं तर अपमान.

हाक मारण्याचे नियम सोपे आहेत. धोतर-टोपीवाल्याला मामा किंवा आबा, दुकानाच्या गादीवर बसलेल्याला शेठ, खिशाला पेन असलेल्या कुणालाही साहेब, पांढऱ्या कपड्यातल्याला भाऊ. बाईमाणसाला ताई, मावशी, वहिनी, वय पाहून. 'आंटी' म्हणणाऱ्याला पाणीसुद्धा उशिरा मिळतं. जनावरांना सुई देणारा आणि माणसांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारा, दोघंही डॉक्टर. आणि एकदा सरपंच झालेला माणूस कायमचा सरपंच. पद जातं, हाक जात नाही. आजच्या सरपंचाला मात्र नावानं हाक मारतात, कारण तो कालपर्यंत गोट्या खेळत होता.

बाजारातली भाषा हा वेगळा विषय. सराफ्यात आणि मोंढ्यात मारवाडी शेठ हिंदीत सुरू करतात, शेतकरी मराठीत उत्तर देतो, शेजारचा मुस्लिम व्यापारी दखनीत मध्यस्थी करतो आणि तिघांनाही सगळं समजत असतं. भाव पटला की शेठ मराठीत येतात. शेतकरी चिडला की हिंदीत जातो. हे ध्यानात ठेवलं तर सौदा कुठवर आलाय हे लांबूनच कळतं.

पाणी

सभ्य माणसं सगळीकडं हवेवर बोलतात म्हणे. इथं हवेत बोलण्यासारखं फार नाही, ऊन असतं. इथला विषय पाणी.

"आलं का पाणी?" हा या सगळ्या पाठांतला एकुलता एक असा प्रश्न, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं असतं. इथं थट्टा नको, 'हे काय, इथंच' नको. "मागच्या गल्लीत काल सोडलं, आपल्याकडं बहुतेक परवा पहाटं" अशी नेमकी माहिती द्यावी. शहराला नळाचं पाणी आठवड्यानं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येण्याची सवय पिढीजात आहे. 2023 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी हा प्रश्न विचारायची पद्धत बदललेली नाही. पाणी सोडणारा माणूस वयानं कितीही लहान असो, त्याला 'दादा' म्हणतात. लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला आणि तिसरी त्याला.

जुन्या माणसांशी बोलताना घाणेवाडीचं नाव काढावं. निजामाच्या काळात बांधलेला हा तलाव. त्याचं पाणी गोड होतं, त्यात डाळ कशी शिजायची, हे ते सांगतील. आपण मान हलवायची. जायकवाडीचं पाणी चांगलं की घाणेवाडीचं, यावर मत देऊ नये. घरात दोन पिढ्या असतील तर दोन पक्ष असतात.

जायकवाडीची टक्केवारी मात्र पाठ पाहिजे. धरण पैठणला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. भरतं ते नाशिक-नगरकडच्या पावसावर, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या जिल्ह्यात. एकूण साठा शंभर टीएमसीच्या थोडा वर, त्यातला पाऊणशे टीएमसीच्या आसपास वापरायचा, उरलेला मृतसाठा. हे सगळं इथल्या टपरीवर ज्याला येत नाही तो अडाणी. स्वतःच्या पोराचे दहावीचे टक्के विसरलेला बाप जायकवाडीचे टक्के दशांश चिन्हासकट सांगतो. ऑगस्टमध्ये कुणीही भेटलं तरी सुरुवात अशी:

"नाशकाला पडला का?"

"पडला म्हणे रात्री. पण वरचे सोडतील तव्हा."

"वरचे कधी सोडतेत?"

"मंग काय."

या 'मंग काय' नंतर दोघं थोडा वेळ पश्चिमेकडं बघतात. आपणही बघावं. नाशिकचे असाल तर या ठिकाणी 'मूळ' दुसरंच सांगावं.

एक जागा अशी आहे की जिथं काहीच बोलायचं नाही. 2012-13 च्या दुष्काळाची गोष्ट निघाली की ऐकून घ्यायचं. त्या वर्षी पोसलेल्या मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांना टँकर परवडला त्यांनी झाडांना टँकरनं पाणी घातलं. ज्यांना नाही परवडला त्यांची झाडं सरपणाला गेली. ज्यांनी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली ते अजूनही त्याबद्दल सगळं सांगत नाहीत. इथं "आता ठिबक का नाही करत?" असा सल्ला दिला तर पुढचे सगळे पाठ वाया गेले असं समजावं.

काही खरं नाही

जिल्ह्यातलं अर्धं संभाषण या एका वाक्यावर चालतं. मोसंबीला भाव नसला तर काही खरं नाही, हे कुणालाही समजेल. पण भाव चढला तरी "गळ किती झाली बघा ना, काही खरं नाही." पाऊस नाही, काही खरं नाही. पाऊस आला, "कापसाची बोंडं सडली, काही खरं नाही." पोराला नोकरी लागली, पेढे वाटले, पेढा तोंडात असतानाच: "लागली, पण आजकाल नोकरीचं काही खरं नाही." अंगणात नवाकोरा ट्रॅक्टर, बॉनेटला झेंडूचा हार, अजून कुंकू ओलं. "घेतला बुवा हप्त्यावर. काही खरं नाही."

नवख्याला वाटतं हा माणूस दुःखी आहे आणि तो सांत्वन करू लागतो. तसं करू नये. समोरचा मजेत आहे. पण ज्यानं आपलं बरं चाललंय असं उघड कबूल केलं, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी तिघं येतात: उसने मागणारा, वर्गणीचं पावतीपुस्तक घेतलेला आणि पोरासाठी स्थळ सुचवणारा. 'काही खरं नाही' हा दाराला लावलेला अडसर आहे. आपणही लावायला शिकावं. पगार किती, असं कुणी विचारलंच तर, "भागतं कसंबसं." आकडा सांगू नये. खरा सांगितला तर कुणी विश्वास ठेवत नाही आणि खोटा सांगितला तर लक्षात ठेवतात.

बाहेरच्यासमोर मात्र सूर बदलतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, दगडी ज्वारीलाही 2024 साली मिळालं, आणि पुणे-मुंबईच्या पाहुण्याला हे छाती फुगवून सांगितलं जातं. तीच बाग, तेच झाड. पाहुण्याला सांगताना फळ साखरेसारखं, व्यापाऱ्याला सांगताना वजनदार आणि शेजाऱ्याला सांगताना वाया गेलेलं. तिन्ही ठिकाणी फळ एकच असतं, त्यामुळं यात खोटं काही नाही.

जूनच्या तोंडाला विषय बियाण्याचा. हे शहर बियाण्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडीचं बी असो की कापसाचं, यातलं आपल्याला कळतं असं इथं प्रत्येकाला वाटतं आणि बऱ्याच जणांना खरंच कळतं. पण "यंदा कोणतं वाण?" याचं सरळ उत्तर पेरणी होईपर्यंत कुणी देत नाही. "बघू, अजून घेतलं नाही" असं म्हणणाऱ्याच्या माळवदावर पिशव्या रचलेल्या असतात. शेजाऱ्याला ते उगवल्यावर कळतं. तोही तोवर "मला काय करायचंय" अशा चेहऱ्यानं बांधावरून दोन चकरा मारून गेलेला असतो.

कारखानदारांना हा पाठ लागू नाही असं समजू नये. सळईचे कारखाने ही जालन्याची दुसरी ओळख. तिथंही वाक्य तेच, फक्त बोट वेगळीकडं. शेतकरी आभाळाकडं बोट दाखवतो, कारखानदार विजेच्या मीटरकडं.

चहा

घरी गेल्यावरचा हा मुख्य विधी. नमुन्याचा संवाद देतो, तोंडपाठ करावा.

"या या या. बसा."

"नाही, बसत नाही. इकडून चाललो व्हतो, म्हटलं भेटून जावं."

"असं कसं? चहा टाक गं!"

"नको नको, चहा आत्ताच झाला."

"कुठं झाला?"

इथं सावध. हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि बरेच जण इथंच घसरतात. "थोरल्या आबांकडं" असं खरं सांगितलं तर ऐकायला मिळतं, "हां, त्यांच्याकडला चालतो. आमचा कशाला!" म्हणजे तुम्ही गल्लीत आलात, आधी तिकडं गेलात, तिकडं चहा पिऊन मग उरलासुरला वेळ इकडं आणलात, हे सगळं एका वाक्यात सिद्ध झालं. थोरल्या आणि धाकट्याची बांधावरून बोलाचाली बंद असेल तर सहा महिने विसरा. बरोबर उत्तर: "स्टँडवर घेतला, उतरल्या उतरल्या." स्टँड कुणाचं भाऊबंद नाही.

"स्टँडवरचा काय चहा असतो का? अर्धा घ्या."

"बरं, अर्धाच हं."

मग भरून कप येतो. 'अर्धा' हे जालन्यात माप नाही, मान आहे. बशीत ओतून प्यायला हरकत नाही. इंजिनिअर साहेबांनी बशी वापरली याचं पुढं आठवडाभर कौतुक होतं. "साखर कमी" असं चुकूनही म्हणू नये. म्हटलं की "काय, शुगर हाये का?" असा प्रश्न येतो, मग कुणी कडूलिंबाचा रस सांगतं, कुणी मेथीचं पाणी, आणि आतून आजी विचारते, "एवढ्या कमी वयात?" संध्याकाळपर्यंत गावात तुमची किडनी गेलेली असते.

"सुशीला खाता का?" या प्रश्नानं पुण्याचे जावई दचकतात. दचकू नये. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला तो नाश्ता आहे. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगी', तिसऱ्यांदा ताटली हातात घ्यायची. पहिल्याच फेरीत 'हो' म्हटलं तर उपाशी आले म्हणतात. तिसऱ्या फेरीलाही 'नको' म्हटलं तर तोरा.

दवाखाना

आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी न्यावी. पलंगाच्या कडेला बसून "काय एवढं, होईल बरं" म्हणावं आणि उठावं. "आमच्या एकाला असंच झालं व्हतं" हे वाक्य सुरू करू नये, कारण त्या एकाचं पुढं काय झालं हे विचारलं जातं.

लग्न

ही सगळ्यात मोठी शाळा. पत्रिकेपासूनच सुरुवात होते. पत्रिका वरून खाली वाचू नये. वर देव, मग चि. आणि चि. सौ. कां., ते सगळीकडं सारखंच. खालून वर वाचावी. 'आपले नम्र', 'स्नेहांकित', 'निमंत्रक' यांत कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं आणि कुणाचं गळालं, यावर पुढचे दोन महिने बोलता येतं. ज्याचं नाव गळालं तो म्हणतो, "नावाचं काय एवढं." तो लग्नाला येत नाही.

मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा छापलेला असतो. तो गुरुजींचा. खरा मुहूर्त नेते येतील तेव्हाचा. तोवर माईकवाला मांडवात शिरणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याचं स्वागत करतो. ग्रामपंचायत सदस्यापासून बाजार समितीच्या माजी संचालकापर्यंत सगळी नावं होतात. नवरदेव घोड्यावर, नवरीचा मामा अंतरपाट धरून, अक्षता हातात घामानं भिजलेल्या, आणि माईकवर: "आत्ताच आपल्यामध्ये दाखल झाले..." नवख्यानं पांढरा शर्ट घालून लग्नाला जाऊ नये. नाव पुकारलं गेलं तर आशीर्वादाची दोन वाक्यं बोलावी लागतात. बोलायला लावलंच, तर "दोन्ही परिवार माझ्या जवळचे" एवढं म्हणून माईक परत द्यावा. नवरीचं नाव घेऊ नका, चुकतं.

'शुभमंगल सावधान' ऐकलं आणि लहानगा नारायण मांडवातून निघून गेला, पुढं तोच समर्थ रामदास झाला, अशी कथा आपल्याकडं सांगतात. त्यानंतर या जिल्ह्यात मांडवातून इतक्या लवकर कुणालाच निघता आलेलं नाही.

पंगतीत विचारलं जातं, "पोरगं काय करतं?" "कंपनीत हाये" हे उत्तर सगळ्यांना पुरतं, मालकालाही आणि वॉचमनलाही. मग "शेती?", मग "बागायती का कोरडवाहू?" हल्ली पुण्याच्या पॅकेजवाल्यालाही शेती विचारतात आणि वीस एकर बागायती असलेल्याला नोकरी विचारतात. दोन्ही असलेला मुलगा कुठं असतो ते कुणी पाहिलेलं नाही.

बिनलग्नाच्या नवख्यांसाठी खास सूचना. "मंग आपलं कधी?" यावर लाजून किंवा गमतीनं "तुम्हीच बघा की एखादं" असं म्हणू नका. ते बघतात. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फोटो, बायोडेटा आणि उंची आलेली असते, आणि रविवारी कांदेपोह्यांची वेळ ठरलेली असते. "यंदा बघू" म्हणावं. यंदा कधी संपतं हे कुणी विचारत नाही.

राजकारण आणि रस्ते

दोन वाक्यं पुरतात. उमेदवार कुठलाही असो, "वातावरण चांगलंय." निकाल कुठलाही लागो, "मी तर आधीच म्हटलं व्हतं." समृद्धी महामार्ग झाल्यापासून एक विषय वाढला आहे: कोण किती तासांत आलं. तास विचारले की लगेच टोल काढावा, म्हणजे दोघांचं एकमत होतं. रेल्वेचा विषय निघाला तर वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून सुरू झाली हे ठाऊक असू द्यावं. 2025 साली ती नांदेडपर्यंत वाढवली. त्यावर "आपली गाडी तिकडं नेली" असं म्हणावं. नांदेडचं कुणी बसलं असेल तर म्हणू नये.

निघताना

आतापर्यंतचं सगळं ज्यासाठी असतं तो भाग हाच. जालन्यात कुणी कामाशिवाय येत नाही, पण आल्या आल्या काम सांगणं म्हणजे अडाणीपणा. तास-दीड तास पाणी, भाव, जायकवाडी, आजोळ, सगळं होऊ द्यायचं. मग "चला, निघतो." यजमान म्हणतो "बसा की." पुन्हा बसायचं. पुन्हा उठायचं. दारात उभं राहून मुलांच्या शाळेची चौकशी. फाटकात भाऊबंदकीतली एखादी बातमी. मोटारसायकलला किक बसते, यजमान हॅन्डलवर हात ठेवून उभा. आणि मग गाडी चालू ठेवूनच, आवाज जरा खाली आणून:

"ते एक सांगायचं राहिलंच बघा. पोराच्या फीचं जरा..."

सगळी दुपार या अर्ध्या वाक्यासाठी गेली. यजमानालाही ते पहिल्या घोटापासून ठाऊक होतं. 'अर्धा घ्या' म्हणतानाच त्यानं मनात हिशोब केलेला असतो. नवखा इथं दोन चुका करतो. एकतर येतानाच सांगून टाकतो, मग चहा घशाखाली उतरत नाही, ना याच्या ना त्याच्या. नाहीतर वाक्य पुरं करतो. पुरं करायचं नसतं. मागणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं की देणाऱ्यालाही अर्ध्यात नाही म्हणता येतं, आणि पुढच्या पोळ्याला दोघं एकमेकांच्या दारात बैल घेऊन जाऊ शकतात. समर्थांना हे चाललं नसतं. ते स्पष्ट बोलणारे. पण त्यांना पुन्हा त्याच गल्लीत राहायचं नव्हतं.

उत्तरं ओळखायला शिका. "बघतो" म्हणजे नाही. "करून टाकू, काळजी नका करू" म्हणजे नाही. "उद्या फोन करा" म्हणजे नाही, आणि उद्या फोन केला तर तुम्हाला काही शिकवण्यात अर्थ नाही. यजमानानं हॅन्डलवरचा हात काढला, इकडं तिकडं पाहिलं आणि चिडल्यासारखं "किती लागतेत?" असं विचारलं, तर ते हो आहे. आभार मानू नका. "बरं, येतो मंग" म्हणून गियर टाका.

पाठ इथं संपले. शंका असतील तर घरी या, चहा घेऊ. फक्त येण्याआधी फोन करू नका. फोन करून येणाऱ्यांच्या वेळी आम्ही नेमके बाहेरगावी असतो.